बाबा, आत्या आणि आता दादा : पोटाचा आणि घराण्यातल्या कॅन्सरचा जाणकार डॉक्टर गोव्यात कुठे शोधावा?

अबोली · ८ जून

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातली, वय ३८. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

माझे बाबा १९९८ साली गेले, ४७ व्या वर्षी. मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. घरात तो शब्द कोणी काढत नसे, ‘पोटाचं दुखणं’ एवढंच म्हणायचे. गेल्या महिन्यात माझ्या सख्ख्या दादाचं ऑपरेशन झालं. तो ४२ चा आहे. तेच दुखणं, आतड्याच्या उजव्या बाजूला.

डिस्चार्जच्या दिवशी एका ज्युनियर डॉक्टरांनी विचारलं, “भावंडं किती तुम्ही? सगळ्यांनी तपासून घ्या.” काय तपासायचं, कुठे, किती वर्षांनी, हे विचारेपर्यंत ते पुढच्या खाटेकडे वळले होते. त्यानंतर मी तीन ठिकाणी जाऊन आले. एकांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसरे म्हणाले, चाळिशीनंतर बघू. तिसऱ्या ठिकाणी रक्ताच्या तपासण्यांचं पॅकेज पुढे केलं, त्यात ‘ट्यूमर मार्कर’, म्हणजे कॅन्सरची रक्तातली खूण बघणारी चाचणीही होती. ती नॉर्मल आली आणि मला घरी पाठवलं.

माझं पोट तसं जुनं तक्रारखोर. गॅस, कधी दोन दिवस साफ नाही, कधी सकाळी तीनदा जावं लागतं. त्यातलं घाबरण्यासारखं कोणतं आणि नेहमीचं कोणतं, मला आता कळेनासं झालंय.

गोव्यात पोटही बघेल आणि घराण्याचाही विचार करेल असा कोणी आहे का? की सरळ मुंबई गाठावी? माझी मुलगी ११ ची आहे, दादाचे मुलगे १६ आणि ९. डॉक्टरांची नावं उघड लिहायची नाहीत हा नियम माहीत आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.

कुळागर · ८ जून

अबोली, वाचून पोटात कालवलं. दादांना लवकर आराम पडो.

आमच्या ह्यांचं सांगते. शौचाला रक्त जायचं. एका दवाखान्यात आठ महिने मूळव्याधीचं मलम आणि इसबगोल. एकदाही बोट घालून तपासणी झाली नाही, दुर्बीण तर दूरच. वजन ९ किलो उतरलं तेव्हा मीच हट्ट धरला. गुदाशयात गाठ निघाली. ह्यांचा धाकटा भाऊ त्याच आजाराने मुंबईत गेला होता, पण ते कोणी विचारलं नाही आणि आम्हीही आपण होऊन सांगितलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. डॉक्टर कोणताही असो, जो घरातल्या माणसांबद्दल विचारत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

म्हादई · ९ जून

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची शेवटची १४ वर्षं दुर्बिणीच्या खोलीत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पाट्यांचं. ‘पोटविकार तज्ज्ञ’ अशी पाटी कोणीही लावतो. तुम्हाला हवा तो गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीत, म्हणजे पोट-आतड्यांच्या विषयात, डीएम किंवा डीएनबी (आता डीआरएनबी म्हणतात) ही वरची पदवी घेतलेला. ऑपरेशन करणारे वेगळे, ते सर्जिकल गॅस्ट्रो किंवा कॅन्सर सर्जन. आणि घराण्याचा हिशेब मांडणारा तिसराच, जनुकीय समुपदेशक. हे तिघे एका माणसात सापडत नाहीत. तेव्हा असा एक गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट शोधा जो उरलेल्या दोघांना आपण होऊन फोन करील, पत्र देईल. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी विभाग आहे. आपल्या फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी नेलीत तर काम सोपं होतं. चिठ्ठीत ‘पोटदुखी’ लिहून घेऊ नका. ‘वडिलांना ४७ व्या वर्षी, भावाला ४२ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर’ एवढं एक वाक्य लिहून घ्या. ते वाक्य असलेला कागद कोणी बाजूला सारत नाही.

आणि तुम्ही वाट कसली बघताय? सख्ख्या नात्यात आतड्याचा कॅन्सर असेल तर पहिली कॉलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, चाळिशीला, किंवा घरातल्या सर्वांत लहान वयाच्या रुग्णाच्या वयातून १० वजा करून, यातलं जे आधी येईल तेव्हा. दादा ४२, म्हणजे तुमची वेळ ३२ लाच झाली होती. जनुकाचा रिपोर्ट मागून येईल तेव्हा येवो, दुर्बीण त्याच्यासाठी थांबवू नका.

दुर्बीण करणाऱ्याला दोन प्रश्न निःसंकोच विचारा. आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत पोचल्याचा फोटो रिपोर्टात असतो का? आणि बाहेर येताना किती वेळ देता? नळी आत घालणं ही वाटचाल झाली, खरं बघणं परत येताना होतं. त्याला ६ मिनिटांपेक्षा कमी वेळ देऊ नये असा दंडक आहे. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत, मी स्वतः पाहिलंय.

डिचोलीकर · ९ जून

माझ्या भाच्याने ऑनलाइन किट मागवून थुंकी पाठवली होती, घरबसल्या सगळ्या जनुकांचा रिपोर्ट आला. अबोलीताईंनी तेच करावं, बांबोळीच्या रांगेत कशाला उभं राहायचं? शिवाय आतडी साफ राहिली तर हे आजार होत नाहीत असं आमचे वैद्य सांगतात. दर पंधरवड्याला एरंडेल घ्यावं.

निळी_शाई · १० जून

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. डिचोलीकर, तुमची कळकळ समजते, पण या घराला हा सल्ला महागात पडेल, म्हणून स्पष्ट लिहितो.

एरंडेलाने जनुक बदलत नाही. जनुकात जन्मतःच असलेला दोष पोट साफ ठेवून जात नाही. वैद्यांचा मान राखून सांगतो, या बाबतीत उशीर करू नये.

किटचं म्हणाल तर चूक क्रमात आहे. तपासणी आधी आजारी माणसाची करतात, निरोगी माणसाची नंतर. समजा अबोलीताईंनी आपलीच तपासणी केली आणि ‘दोष आढळला नाही’ असं आलं. याचे दोन अर्थ निघतात. घरातला दोष त्यांच्याकडे आलाच नाही, हा एक. घरातला दोष या तपासणीत सापडण्यासारखाच नाही, हा दुसरा. पहिल्यात निश्चिंत झोप, दुसऱ्यात फसवणूक. दादाच्या रक्तात दोष नक्की कुठे आहे हे आधी कळलं, की बाकीच्यांची फक्त तेवढीच जागा तपासायची. उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ येतं, आणि पैसेही खूप कमी लागतात.

त्याच्याही आधी एक पायरी आहे, ती सर्वांत स्वस्त. दादाच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेले असतात. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. नखाएवढा मांसाचा तुकडा, पांढऱ्या मेणात बसवलेला, खाली प्लास्टिकची जाळी आणि कडेला पेन्सिलीने घातलेला नंबर. हा ब्लॉक रुग्णाच्या नातेवाइकांना अर्ज करून मिळतो. त्यावर आयएचसी नावाची तपासणी करून चार प्रथिनं शोधतात : एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. पेशी दुप्पट होताना जनुकांच्या नकलेत चुका राहतात, त्या दुरुस्त करणारे हे चार कारागीर. यातले कोणी गाठीतून गायब असतील तर ‘लिंच सिंड्रोम’चा, म्हणजे घराण्यात कॅन्सर चालवणाऱ्या जनुकीय दोषाचा, संशय घ्यायचा. एमएलएच१ आणि पीएमएस२ ची जोडी गायब असेल तर ते पुष्कळदा उतारवयात, घराण्याशी संबंध नसतानाही घडतं, म्हणून त्यावर आणखी एक चाचणी करतात. एमएसएच२ आणि एमएसएच६ ची जोडी नसेल तर मात्र रोख बहुतेक घराण्याकडेच असतो.

तो ट्यूमर मार्कर आधी निदान झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी असतो. निरोगी माणसाला ‘तुला काही नाही’ असं सांगायची ताकद त्याच्यात नाही.

आता माझा तुम्हाला प्रश्न. बाबांच्या बाजूच्या बायकांचं काय? आत्या, चुलत बहिणी? कोणाची पिशवी काढलीय का?

अबोली · १३ जून

निळी_शाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मी तीन दिवस झोपले नाही.

बाबांना एकच बहीण, सावंतवाडीला दिलेली. आत्या आता ७० च्या पुढे आहे. तिची पिशवी काढल्याचं घरात सगळ्यांना माहीत होतं, ‘गाठ होती’ म्हणून. काल आईला घेऊन गेले. आत्या आधी काही बोलेना. जेवणं झाल्यावर आतल्या खोलीत जाऊन तिने लोखंडी ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास, वरती लग्नातला शालू, आणि शालूच्या घडीत प्लास्टिकच्या पिशवीत बेळगावचं १९९५ सालचं डिस्चार्ज कार्ड. कागद घडीवर फाटलेला. त्यावर इंग्रजीत ‘एंडोमेट्रियल कार्सिनोमा’, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. वय ४६.

तिलाही तेव्हा सांगितलं नव्हतं म्हणे. पाच वर्षांनी भाचीच्या नवऱ्याने वाचून दाखवलं, तोवर बाबा गेले होते. ती म्हणाली, “तुझ्या बापसाक आदीं सांगूंक जाय आशिल्लें.” (तुझ्या बाबांना आधी सांगायला हवं होतं.) आणि रडायला लागली. तिची काय चूक, तिलाच कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे बाबांचं ‘पोटाचं दुखणं’ आणि आत्याची ‘पिशवी’ एकच का?

निळी_शाई · १३ जून

एकच असण्याची शक्यता आता खूप आहे. लिंचमध्ये मोठ्या आतड्याच्या खालोखाल गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर येतो. बीजांडकोश, जठर, मूत्रमार्ग हेही येतात. आपल्याकडे बाईचं दुखणं स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आणि पुरुषाचं पोटाच्या डॉक्टरकडे, दोन फायली कधी एकत्र येत नाहीत. आत्याच्या त्या कार्डाच्या तीन प्रती काढा. ते कार्ड फार मोलाचं आहे.

सत्तरीची_वाट · १४ जून

लिहू नये असं वाटतं, पण लिहिते. अबोलीताई, तपासणी जरूर करा, पण गवगवा नको. आपला गोवा केवढा? वाळपईत शिंकलं तर पेडण्यात ऐकू जातं. तुमच्या मुलीची, दादाच्या मुलांची सोयरीक व्हायची आहे. ‘त्यांच्या घराण्यात आहे’ असं एकदा झालं की झालं. माझ्या मावसबहिणीचं जमलेलं लग्न अशाच एका वाक्याने मोडलं.

कुळागर · १४ जून

ताई, तुमची भीती खोटी नाही, मीही दोन मुलींची आई. पण गावाला न सांगणं वेगळं आणि रक्ताच्या माणसाला न सांगणं वेगळं. आत्याच्या कार्डाने काय केलं बघा. ते १९९५ मध्ये ट्रंकेत न जाता बाबांच्या हातात पडलं असतं, तर कदाचित ते आज असते. तुमच्या मावसबहिणीचं लग्न मोडलं याचं दुःख आहेच, पण ते वाक्य बोलणाऱ्याच्या पदरात घाला.

निळी_शाई · १४ जून

एक भर. हा दोष आईवडिलांपैकी एकात असेल तर प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, नाण्याची तीच फेक. ज्याच्याकडे आला नाही त्याच्या पुढच्या पिढीत तो उडी मारून येत नाही. आणि लहान मुलांची तपासणी करत नाहीत. १८ पूर्ण झाल्यावर त्यांनी स्वतः ठरवायचं. अपवाद आतड्यात शेकड्यांनी पॉलिप, म्हणजे छोटे मांसल कोंब, होणाऱ्या एफएपी या दुसऱ्या आजाराचा. तिथे १०-१२ व्या वर्षापासून बघावं लागतं. अबोलीताईंच्या घरचं चित्र तसं दिसत नाही.

मांडवीकाठ · १५ जून

पैशांचं आणि प्रवासाचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. वडिलांसाठी हे सगळं केलंय.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड नूतनीकरण झालंय का ते आजच बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. कोणती तपासणी त्यात बसते ते जाण्यापूर्वी काउंटरवर विचारा, गृहीत धरू नका. विम्याची भीती असेल तर, फक्त ‘जनुकीय विकार’ म्हणून दावा नाकारू नये असं विमा नियामकाने २०१८ मध्ये कंपन्यांना कळवलं आहे. तरी फॉर्मवर काही लपवू नका.

मुंबईला जायची वेळ आलीच तर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कर्करोग जनुकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. मडगावहून संध्याकाळी कोकणकन्या धरायची, पहाटे दादर, तिथून लोकलने पुढचंच स्टेशन परळ. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती. जागा आधी विचारून ठेवा. मूळ कागद स्वतःजवळ ठेवून झेरॉक्स द्या. आमचा एक मूळ रिपोर्ट मी काउंटरवर ठेवून आलो आणि दुसऱ्या दिवशी तो मिळेना, सहा तास गेले.

अबोली · २१ जून

बांबोळीला जाऊन आले. आधी फॅमिली डॉक्टरांकडून म्हादईताईंचं ते एक वाक्य चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं.

ज्या डॉक्टर मला मिळाल्या त्यांनी चिठ्ठी वाचली, खुर्ची पुढे ओढली आणि केस पेपर उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी वर्तुळं काढत गेल्या. आजोबा-आजी वर, मग बाबा आणि आत्या, मग आम्ही. ज्यांना आजार झाला त्यांची आकृती पेनाने भरून काळी केली. गेलेल्यांवर तिरकी रेघ. बाबांच्या चौकोनावर रेघ मारताना त्या एक क्षण थांबल्या, माझ्याकडे बघितलं, मग मारली. मला त्या एका थांबण्यात विश्वास वाटला. आत्याचं कार्ड दाखवलं तेव्हा म्हणाल्या, “हे कोणी शोधलं?” मी म्हटलं, धाग्यावर विचारलं गेलं.

कॉलोनोस्कोपीची तारीख १२ जुलै. दादाच्या ब्लॉकसाठी अर्ज दिलाय. म्हादईताई, तयारीचं सांगा ना.

म्हादई · २२ जून

तीन दिवस आधीपासून बिया आणि पालेभाजी बंद. तांबडी भाजी, काकडी, पेरू, टोमॅटो, तीळ, काही नको. आपल्या माणसांची तांबडी भाजी सुटत नाही आणि मग तिचे देठ आत चिकटलेले दिसतात. लोहाची गोळी घेत असाल तर आठवडाभर आधी बंद करायची का ते विचारा, तिने आतला मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणारं औषध असेल तर डॉक्टरांना न विचारता थांबवू नका.

आदल्या दिवशी फक्त नितळ पातळ पदार्थ. उकड्या तांदळाची पेज करा, पण शितं गाळून नुसती वरची निवळ, मीठ घालून. शहाळ्याचं पाणी, दुधाशिवाय चहा. सोलकढी आणि कोकम सरबत अजिबात नको. तांबडा रंग आत गेला की रक्तासारखा दिसतो, आम्ही कितीदा त्यात फसलोय.

औषधाची पावडर संध्याकाळी अर्धी, उरलेली पहाटे. पहाटेची उठून घ्यायचा कंटाळा करतात, पण सफाई तिनेच होते. फ्रिजमध्ये गार करून, मध्ये लिंबाची फोड चोखत प्या. शेवटी लघवीसारखं पिवळसर, नितळ पाणी पडायला लागलं की झालं. गढूळ असेल तर पोचल्यावर परिचारिकेला सांगा, लाजू नका.

अबोली · १४ जुलै

झाली कॉलोनोस्कोपी. झोपेचं इंजेक्शन होतं, फारसं कळलं नाही. उजव्या बाजूला ७ मिलिमीटरचा एक पॉलिप सापडला, तिथल्या तिथे काढला. सीकमचा फोटो रिपोर्टात आहे.

दादाच्या गाठीत एमएसएच२ आणि एमएसएच६ दोन्ही नाहीत. आता त्याचं रक्त जाणार.

निळी_शाई · १४ जुलै

तो पॉलिप योग्य वेळी निघाला. साध्या माणसात पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण १० वर्षं लागतात. लिंचमध्ये एक ते तीन वर्षांतही होतो, म्हणून अशा घरात वर्षा-दोन वर्षांनी दुर्बीण लागते, २०-२५ व्या वर्षापासून.

अबोली · २४ सप्टेंबर

उशीर झाला, चवथ होती आणि मन लागत नव्हतं.

दादाच्या रक्तात एमएसएच२ चा दोष निश्चित झाला. मग माझी फक्त तेवढीच जागा तपासली. माझ्यातही आहे. पॉलिपचा रिपोर्ट अडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकतो असा, पण आत्ता कॅन्सर नाही.

समुपदेशक बाईंनी तासभर दिला. वर्षाला एकदा कॉलोनोस्कोपी. पाळीच्या मध्ये किंवा नंतर जरासाही रक्तस्राव झाला तर थांबायचं नाही. चाळिशीच्या आसपास पिशवी आणि बीजांडकोश काढायचं की नाही, हे स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर बसून ठरवायचं. कॅन्सर टाळायला ॲस्पिरिन घ्यावं का, तेही विचारलं, त्या म्हणाल्या त्यावर चांगलं संशोधन झालंय, पण डोस डॉक्टर ठरवतील, मनाने सुरू करू नका. जुन्या गॅस-जुलाबांचा याच्याशी संबंध नाही. ते वेगळं, त्यावर वेगळे उपचार चालू आहेत आणि बरं वाटतंय.

मुलीला अजून काही सांगितलेलं नाही. दादाच्या मोठ्याला सांगितलं. त्याने एकच विचारलं, “बाबा बरे होतील ना?” १८ पूर्ण झाल्यावर तपासणी करायची की नाही ते तो ठरवील.

सत्तरीची_वाट ताई, तुमचा व्यनि मिळाला. तुमच्या मावसबहिणीच्या वडिलांचं वय आणि आजार मला जसा कळवलात तसाच डॉक्टरांना सांगा. माझ्या डॉक्टरांचा वार कळवला आहे.

सत्तरीची_वाट · २५ सप्टेंबर

तिला घेऊन जाते. धागा तिलाही वाचायला दिला.

कुळागर · २५ सप्टेंबर

आत्याच्या मुलांचं काय झालं अबोली?

अबोली · २६ सप्टेंबर

आत्याला मुलगी एकच, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी पत्र लिहिलं होतं, समुपदेशकांनी मजकुराला मदत केली, सोबत दादाच्या रिपोर्टची झेरॉक्स. महिनाभर उत्तर नाही. मला वाटलं रागावली.

काल रात्री फोन आला. पत्र पोचलं त्याच आठवड्यात तिने वाचलं होतं, मग रोज ते पर्समध्ये घालून ऑफिसला न्यायची आणि परत आणायची. सोमवारी सावंतवाडीहून पहिल्या बसने येतेय, आत्याही बरोबर आहे. पणजी स्टँडवर मी घ्यायला जाणार. फाइल माझ्याकडेच आहे, त्या केस पेपरची प्रतही. त्यावर तिचं वर्तुळ अजून कोरं आहे.